तळघराची ओल

गिदोननं टेप खाटेला लावला तेव्हा दयाबाई खाटेवरच बसलेली होती, लसूण सोलत. "आई, जरा पाय वर घे," म्हणाला आणि तिनं घेतले. त्यानं लांबी घेतली, रुंदी घेतली, खुरांची उंची घेतली, कानामागची पेन्सिल काढून आकडे तळहातावरच लिहिले आणि तो मागच्या खोलीत गेला. जमिनीतली फळी उचलल्याचा आवाज झाला. मग त्याची पावलं एकेक पायरी खाली उतरत गेली. दयाबाईच्या हातातली पाकळी हातातच राहिली. पाय वर घे म्हणाला, पण कशासाठी ते सांगितलं नाही. तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. घरात खाट ही एकच. गिदोन, त्याची बायको ग्लॅडिस, दोन्ही पोरं, सगळी जमिनीवर निजायची. मग तळघरात जायचं ते माप दुसऱ्या कुणाच्या खाटेचं असणार? लसूण सोलायचा राहिला तो राहिलाच. त्या दिवशी आमटीला फोडणी लसणाशिवायच पडली, आणि ग्लॅडिसनं त्यावरून एक अक्षर काढलं नाही. हेही दयाबाईला खटकलं. एरवी ती बोलली असती.

तोवर तिला त्या तळघराचं फारसं काही वाटलं नव्हतं. दौंड स्टेशनाच्या पलीकडं, मालधक्क्याच्या वाटेवरचं हे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर गिदोननं एका भुसाऱ्याकडून घेतलं तेव्हा तळघर त्याच्यासोबतच आलं. भुसारी तिथं ज्वारीची पोती ठेवायचा. नंतर उंदीर झाले, ओल आली, आणि त्यानं फळी ठोकून टाकली ती तशीच होती. पुढची खोली दयाबाईची म्हणायची, कारण खिडकी तिथं आणि खिडकीशी तिची खाट. त्या खिडकीतून यार्ड दिसायचं, सिग्नलचे खांब दिसायचे, मनमाडकडं जाणारी आणि सोलापूरकडं जाणारी गाडी आवाजावरून ओळखत ती दिवस घालवायची. नवरा शलमोन ह्याच यार्डात रुळांचे सांधे बदलायचं काम करायचा आणि ह्याच यार्डात शंटिंगच्या डब्याखाली गेला. ती जागासुद्धा खिडकीतून दिसायची. लोकांना वाटायचं म्हातारीला ते बघून त्रास होत असेल. तिला नव्हता होत. ते बघत बसायचा तिचा हक्क होता, आणि ती खिडकी कुणी काढून घेईल असं आजवर तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आता मात्र मागचं सगळं उलटं फिरून डोळ्यांपुढं यायला लागलं. परमिटाचंच घ्या. सिमेंट म्हणजे त्या दिवसांत सोन्याच्या भावाची गोष्ट. लोक घराच्या भिंती अर्ध्या टाकून मामलेदार कचेरीच्या ओट्यावर बसून असायचे. गिदोन मालगाडीचा ड्रायव्हर, रात्रीच्या गाडीवरून उतरायचा आणि न निजता, तोंडावर पाणी मारून, कचेरीत जायचा. शेवटी परमिट झालं. तळघराचा झरोका मोठा करायचा तर तो गल्लीकडं उघडतो म्हणून पंचायतीची परवानगी लागली, तीही त्यानं आणली. ग्लॅडिसचं शिवणयंत्र घ्यायचं होतं, ते राहिलं. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे उचलले. एवढा खर्च, एवढी धावपळ, आणि कशासाठी, तर एका खड्ड्यासाठी. माणूस स्वतःच्या सुखासाठी एवढं करत नाही, दयाबाई मनाशी म्हणायची. एखादी गोष्ट डोळ्यांपुढून कायमची हलवायची असली तर करतो.

विचारलं असतं तर? सरळ विचारायचं, बाबा, ही खोली कुणाला? पण विचारलं की उत्तर येणार, आणि उत्तर एकदा आलं की ते परत पाठवता येत नाही. एकदा पोरानंच विचारलं होतं, "बाबा, खाली कोण राहणार?" तेव्हा गिदोन म्हणाला, "उन्हाळ्यात गार पडतं रे. कुणालाही निजता येईल." कुणालाही. हा शब्द तिनं किती दिवस चघळला असेल. कुणालाही म्हणजे कुणाला ते माहीत असतं, फक्त नाव घ्यायचं नसतं. आणि त्याच आठवड्यात चुलीपाशी ग्लॅडिस हळू आवाजात म्हणालेली तिनं ऐकली, "आईंना एवढ्यात कळू देऊ नका." ग्लॅडिस शिरूरच्या बोर्डिंगात शिकलेली, तिचं बोलणं स्वच्छ, एकेक शब्द भिंतीपलीकडं नीट पोचायचा. दयाबाईनं पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि आतल्या आत जागी राहिली.

फळी पहिल्यांदा उचलली त्या दिवशीच खरं तर तिच्या मनात पाल चुकचुकली होती. गिदोननं रेल्वेचा हातातला कंदील दोरीला बांधून आधी खाली सोडला. "कोंडलेली हवा असती," तो पोरांना सांगत होता. "दिवा विझला तर उतरायचं न्हाई." दयाबाई दारात उभी होती. दिवा खाली गेला, जळत राहिला, आणि त्या भोकातून ओल्या मातीचा, जुन्या धान्याचा वास वर आला. हा वास तिनं साठ वर्षांत घेतला नव्हता, तरी नाकानं तो क्षणात ओळखला. न्हावऱ्याचं, बापाचं घर. अंगणातलं धान्याचं पेव. तिचं नाव तेव्हा दयाबाई नव्हतं, नकुशी होतं. पोरींच्या पाठीवर पुन्हा पोर झाली म्हणून ठेवलेलं. मोठा दुष्काळ पडलेला, पेव कधीच रिकामं झालेलं, पण तळाच्या कडब्याखाली दाणे राहिले असतील म्हणून बापानं सगळ्यांत लहान पोरगी निवडली. आधी दिवा सोडला. मग तिच्या कमरेला दोरी बांधून तिला सोडलं. ती अंधारात गुडघ्यांवर बसून माती चाचपत होती आणि वरून बाप सारखा विचारायचा, "दिवा जळतोय का गं?" ती म्हणायची, "जळतोय." पुन्हा थोड्या वेळानं, "जळतोय का?" "जळतोय." मग त्यानं विचारायचं थांबवलं. वर कोण बोलत होतं ते कळत नव्हतं, आईचा आवाज असावा, बापाचा असावा. ती ओंजळभर दाणे घेऊन खाली बसून राहिली, कुणी विचारतंय का त्याची वाट बघत. वर काढलं तेव्हा आईनं तिला पोटाशी धरलं, दाणे शिजवले, तिला सगळ्यांत जास्त वाढलं. दुसऱ्या दिवशी बाप तिला शिरूरला घेऊन गेला, मिशनच्या फाटकाशी बसवलं आणि म्हणाला, "हितं बस, आलोच." मडमेनं तिला खायला दिलं, नाव दिलं, वाचायला शिकवलं. तिथं तिचं काही वाईट झालं नाही. पण बाप विचारायचा थांबला तेव्हाच वर सगळं ठरलं होतं, हे तिच्या मनातून उभ्या जन्मात गेलं नाही. आपल्याविषयी ठरवायचं असलं की माणसं आपल्याशी बोलायची थांबतात. आणि गिदोन आजकाल बोलतच नव्हता. ड्यूटीवरून यायचा, डोळे लाल, जेवायचा, फळी उचलायचा.

काम करायला सावळाराम गवंडी यायचा. बोलका माणूस, त्याच्या तोंडून घरातल्यांपेक्षा जास्त कळायचं. त्यानं जुना मातीचा गिलावा खरवडला, दगडांच्या सांधी सिमेंटनं भरल्या, बाहेरच्या भिंतीला आतून डांबर फासलं, वर चुना-सुरकीचा गिलावा चढवला. जमिनीवर लोकोशेडातली कोळशाची जळकी खंगर पसरून कुटली, कारण रेल्वेतल्या माणसाला ती फुकट मिळते, आणि तिच्यावर शहाबादी फरशी बसवली. सगळं झालं. पण गल्लीकडच्या भिंतीच्या कोपऱ्यात, झरोक्याच्या खाली, ओलीचा एक डाग उठला. आधी परातीएवढा, मग त्याहून मोठा. गिलावा फुगला, पोपडे पडले. सावळाराम म्हणाला, न्हाणीचं पाणी मुरत असणार. न्हाणीची मोरी दुसऱ्या अंगाला वळवली. डाग वाळायला लागला, म्हणाले. मग पुन्हा ओला झाला.

हे कसं झालं ते सांगायला पाहिजे. झरोक्याच्या शेजारी, भिंतीच्या बुडाशी, दयाबाईचा मोगरा होता. घर घेतलं त्या वर्षी तिनंच लावलेला. रविवारी ख्रिस्ती देवळात टेबलावर ठेवायला फुलं न्यायची ही तिची जुनी रीत, शिरूरपासूनची; मिशनात वाढलेल्या पोरी पदराच्या टोकाला फुलं बांधून उपासनेला जायच्या, ती सवय हाडात मुरलेली. मोगऱ्याला ती तांब्याभर पाणी घालायची. सावळाराम एकदा तिथं उकिडवा बसला, माती बोटांनी दाबून बघितली आणि म्हणाला, "मावशे, मोगऱ्याला जरा बेतानं घाला पाणी. जिमीन धरून ठिवती." "वाटीभर घालते बाबा," दयाबाई म्हणाली. ते तेव्हा जवळपास खरंही होतं, फार तर तांब्याभर. पण त्यानं जे सांगितलं त्याचा दुसरा अर्थ तिच्या मनात हळूहळू वर आला. म्हणजे पाणी इथं घातलं तर तिथं पोचतं. म्हणजे ती खोली वाळायची की नाही हे आपल्या हातात आहे. खोली वाळली नाही तोवर खाट हलत नाही.

दुसऱ्या दिवशी ग्लॅडिस शाळेत शिकवायला गेली, पोरंही तिच्यासोबत गेली, गिदोन अजून शेडातून यायचा होता. दयाबाईनं हंड्यातलं पाणी बादलीत ओतलं आणि बादली मोगऱ्याच्या बुडाशी रिकामी केली. माती गटगट पाणी प्यायली. तिला वाटलं होतं काळजात काहीतरी होईल. काही झालं नाही. उलट खूप दिवसांनी हलकं वाटलं. मग रोजचंच झालं. नळाला पाणी आलं की आधी घरचं भरायचं, मग मोगऱ्याचं. कुणी गल्लीतून जाताना बघितलं तर ती वाळकी पानं तोडत बसायची. संध्याकाळी गिदोन खालून वर यायचा तेव्हा ती त्याच्या तोंडाकडं बघायची. "अजून ओलंच हाय," तो ग्लॅडिसला म्हणायचा, आणि त्याच्या आवाजात एवढा थकवा असायचा की उद्या बादली उचलू नये असं तिला क्षणभर वाटायचं. लगेच ती स्वतःला आवरायची. बापाच्या आवाजातही तेव्हा थकवा होता. थकलेली माणसंच दुसऱ्याला टाकतात.

मोगरा फुलला. एवढा फुलला की पानं दिसेनात. चैत्रातल्या रविवारी तिनं ओटीभर फुलं नेली, टेबलावर मावेनात, मग बायकांना वेणीत माळायला वाटली. पाळकांनी उपासनेनंतर हात जोडून म्हटलं, "दयाबाई, तुमच्या हाताला यश आहे." शेजारी गिदोन उभा होता. त्यानं टेबलावरच्या फुलांकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं, आणि मान वळवली. ह्यानं ओळखलं, तिला वाटलं. मग वाटलं, कुठलं ओळखतोय, ओळखलं असतं तर बोलला नसता का? पण त्याला बोलायचं नव्हतंच, म्हणूनच तर ही वेळ आली होती. घरी येईपर्यंत तिनं हे इकडून तिकडून शंभरदा फिरवलं. दुसऱ्या दिवशी बादली एकच घातली. तिसऱ्या दिवशी दोन.

वैशाखात पत्रा असा तापला की दुपारी घरात बसवेना. पोरांना सुट्टी, दिवसभर दंगा. गिदोन सकाळी उतरायचा, मागच्या खोलीत डोळ्यांवर ओला पंचा टाकून पडायचा, कुशी बदलायचा, पोरं किंचाळली की उठून बसायचा. त्यानं पोरांना मारलं एकदा. कधी मारत नसे. दयाबाईला त्यातही संशय आला. ह्या माणसाच्या मनात काहीतरी आहे आणि ते आपल्याला सांगायचं धाडस होत नाही म्हणून चिडतोय, असा हिशेब तिनं मांडला. हिशेब अर्धा बरोबर होता.

अशाच एका दिवशी ऊन डोक्यावर आलं असताना दारात हातगाडी थांबली. गाडीवर नवीकोरी खाट, उलटी टाकलेली, चारी खुर वर. सोबत हौसराव, गिदोनच्या इंजिनावरचा फायरमन, वरवंडचा गडी. दयाबाई खिडकीतून बघत राहिली. खाट तिच्याच खाटेएवढी होती. तिला एकदम कळेना. माझी खाट इथंच, आणि मला खाली ही दुसरी? मग खिडकीशी कोण निजणार?

"मावशी, आप्पा हायत का?" हौसराव घाम पुसत म्हणाला. गिदोनला तो आप्पा म्हणायचा.

"शेडात गेलाय. ही कुणाची रं खाट?"

"कुणाची म्हंजी? आप्पांची. आमच्या वरवंडच्या सुताराकडनं करून घेतली. तुमच्या खाटंचं माप दिल्तं त्येंनी. त्या जिन्याच्या वळणातनं एवढीच जाती म्हणं."

"आप्पांची," दयाबाई म्हणाली.

"मग? त्येंना झोप नगं का?" हौसराव उंबऱ्यावर टेकला. तिनं पाणी दिलं, ते त्यानं घटाघटा घशात ओतलं. "रातभर गाडी वडायची आन् दिसा ह्या पत्र्याखाली भाजायचं. त्या दिसापासनं मलाच धाकधूक हाय. म्या म्हटलं, आप्पा, काय बी करा पन दिसा निजायची सोय करा."

"कंच्या दिसापासनं?"

हौसरावनं तिच्याकडं बघितलं, तांब्या खाली ठेवला. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"म्हाईत हाय की," दयाबाई म्हणाली. "तू सांग."

त्यानं सांगितलं. हिवाळ्यात, पहाटेच्या सुमाराला, गिदोनचा उभ्या उभ्या डोळा लागला. समोर लाल सिग्नल. हौसराव कोळसा टाकून वळला तर गाडी तशीच चाललेली. तो ओरडला, दोघांनी ब्रेक मारला, तरी इंजिन सिग्नलच्या पुढं गेलंच. समोर काही नव्हतं म्हणून निभावलं. साहेबानं ताकीद देऊन सोडलं. "पुन्हा झालं तर इंजिनावरनं उतरवत्याल. आन् ते जाऊ द्या मावशी, पुढं गाडी असती तर आमी दोघं बी..." त्यानं वाक्य सोडून दिलं. मग म्हणाला, "तुमच्यापुढं बोलू नगं म्हणले हुते. शलमोनमामांचं तसं झाल्यालं, तुमी जिवाला घोर लावून घ्याल म्हणून. पन म्या म्हटलं, एव्हाना सांगितलं आसंल. खोली झाली का म्हणून रोज इचारतो म्या. ते म्हणत्यात, भिताड वाळंना."

हौसराव खाट तळघरात उतरवून गेला. दयाबाई खाटेवर बसली ती बसूनच राहिली. क्षणभर तिला वाटलं, ह्यालाच शिकवून पाठवलं असेल. हे वाटलं आणि तिला स्वतःची किळस आली. एवढं ऐकूनही हे मन वाकड्या वाटेनंच धावतं. ग्लॅडिस चुलीपाशी बोलली ते हे. कुणालाही निजता येईल म्हणाला ते हे. पोरांपुढं काय सांगणार, तुमचा बाप गाडी चालवताना झोपतो? कचेरीच्या ओट्यावर तो दिवसचे दिवस बसला, ती झोप गेली. मोरी वळवायला लागला, ती झोप गेली. आणि जेवढं वाळलं तेवढं तिनं रोज सकाळी भिजवलं. चैत्र गेला, वैशाख अर्धा गेला. एवढ्या रात्री तो इंजिनावर उभा होता, आणि प्रत्येक रात्री समोर कुठंतरी लाल दिवा होताच. तिनं खिडकीतून यार्डाकडं बघितलं आणि पहिल्यांदाच ती जागा बघवेना म्हणून डोळे फिरवले.

गिदोन आला तेव्हा त्याचे डोळे खोल गेलेले. ग्लॅडिस बाजारात होती. तो खाट बघायला खाली गेला आणि वर आलाच नाही. पोरं पुढच्या खोलीत गोट्या खेळत होती. दयाबाईनं मागच्या खोलीत जाऊन कान दिला. खालून खोकल्याचा आवाज आला. ओल्या भिंतीशी निजला होता तो.

ती बाहेर गेली. खुरपं घेतलं आणि मोगऱ्याच्या बुडात घातलं. माती इतकी ओली होती की जोर लावावा लागला नाही. दोन्ही हातांनी धरून ओढला तेव्हा तो कळ्यांसकट उपटून आला. गल्लीतली एक बाई थांबून बघायला लागली. दयाबाईनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. झरोक्याची झडप सताड उघडली. मग आत येऊन शेगडीत कोळसे फुलवले, धूर पूर्ण जाऊ दिला. मागच्या खोलीतली फळी बाजूला ओढली. शेगडी उचलली, दुसऱ्या हातात कंदील घेतला. भिंतीला खांदा टेकत ती एकेक पायरी उतरली. तो वास आला. तिनं श्वास धरला नाही.

"आई?" गिदोन उठून बसला. "पडशील की."

"न्हाई पडत." तिनं शेगडी डागापाशी, झरोक्याच्या खाली ठेवली आणि कंदील त्याच्या उशाशी जमिनीवर ठेवला. खरंच इथं गार होतं. एखाद्याला छान झोप लागावी असं.

"शेगडी कशाला?"

"भिंत वाळंल."

त्यानं तिचे हात बघितले, कोपरापर्यंत चिखल. मग म्हणाला, "मोगरा काढलास?"

तिनं हात पदराला पुसले.

"यंदा लई फुलला व्हता," गिदोन म्हणाला. "देवळात बघितला तवाच मला कळलं, भिंतीला पानी कुठनं येतंय."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? बोललो असतो तर सगळंच सांगायला लागलं असतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तुला काय वाटलं, तुला हितं ठेवतोय?"

"व्हय," दयाबाई म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून इतका सहज गेला की तिलाच नवल वाटलं.

तो तिच्याकडं बघत राहिला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तुझी खिडकी तुझीच हाय, आई," तो म्हणाला आणि आडवा झाला. "चारला उठव मला. ड्यूटी हाय. ग्लॅडिसवर नगं सोडू, तूच उठव."

"शेगडी हाय तोवर मी हितंच बसते. कोळशाची हवा वंगाळ."

ते त्यानं ऐकलंही नसेल. त्याचा श्वास तोवर लांब आणि जड झाला होता, लहानपणी व्हायचा तसा. दयाबाई शेवटच्या पायरीवर बसली. भिंतीच्या डागातून वाफ निघत होती. वर पोरं धावत होती, छतातून माती गळत होती. एकानं हाक मारली, "आजी, कुठं हायस?" आणि तिनं ओ दिली नाही, झोपमोड होईल म्हणून. हाक पुन्हा आली, मग थांबली. तिनं डोळे कंदिलावर ठेवले. ज्योत सरळ होती, जरा हलली की ती पुढं वाकून बघायची. दिव्याचा भरवसा नव्हता, हवेचा नव्हता, आपल्या म्हाताऱ्या डोळ्यांचा तर मुळीच नव्हता. म्हणून ती डोळे मिटत नव्हती. वरून कुणी विचारत नव्हतं. तरी थोड्या थोड्या वेळानं, त्याला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात, ती म्हणत होती, "जळतोय."